लेप्टोसाठी (चिखलपाण्यातून होणारा ताप) बाबांना ॲडमिट केलं, विमा कंपनी म्हणते ॲडमिट करायची गरजच नव्हती. पुढे काय करू?

माणगाव_खोरं · १४ सप्टेंबर

नमस्कार, जरा मोठं लिहितेय पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

आम्ही कुडाळ तालुक्यातले, माणगाव खोऱ्यात घर. मी कामाला मुंबईत, आई-बाबा गावी. बाबा ५८ वर्षांचे, बीपी नाही शुगर नाही, आयुष्यात कधी सलाईन लागलेलं नाही. आमची ५ लाखांची फॅमिली फ्लोटर (सगळ्या घराला मिळून एकच) पॉलिसी आहे, सहा वर्षं झाली, हप्ता एकदाही चुकवला नाही. काजूचे पैसे आले की मे महिन्यात पहिला हप्ता भरतो मग बाकीचं. आजवर एक रुपयाचा क्लेम नाही.

जुलैत लावणी चालू होती. बाबा आठ दिवस चिखलात, पायाला चिखल्या झालेल्या तशाच पायाने उतरायचे. शनिवारी ताप आला. रविवारी पोटऱ्या एवढ्या दुखायला लागल्या की पडवीतून उठताना खांब धरून उठले, डोळे लालभडक. आईला वाटलं लावणीचा शीण असेल. सोमवारी आरोग्य केंद्रात गेले, तिथे गोळ्या दिल्या आणि सांगितलं की उलट्या झाल्या किंवा लघवी कमी झाली तर थांबू नका, मोठ्या दवाखान्यात न्या. मंगळवारी सकाळपासून उलट्या, आणि दुपारपर्यंत लघवी जवळजवळ नाहीच. काकाने रिक्षात घातलं, कॉजवेवर पाणी होतं म्हणून पाऊण तास अलीकडे थांबले, पाणी उतरल्यावर कुडाळला पोचले. प्लेटलेट ५८ हजार, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) वाढून १.९, बीपी ९०/६०. डॉक्टर म्हणाले लेप्टो वाटतोय, आत्ताच्या आत्ता ॲडमिट करा. मी रात्रीची गाडी पकडून सकाळी पोचले. सहा दिवस बाबा आत होते, शिरेतून अँटिबायोटिक, सलाईन, रोज रक्त. देवाच्या कृपेने आणि त्या डॉक्टरांमुळे बरे झाले.

बिल ७१,४००. कॅशलेस टाकलं होतं, टीपीएने (कंपनीतर्फे क्लेम तपासणारी संस्था) तीन वेळा क्वेरी काढली, दर वेळी वेगळा कागद मागितला आणि चौथ्या दिवशी मेसेज आला की कॅशलेस नाकारलंय, नंतर बिलं लावून पैसे मागा. आईने दोन बांगड्या पतपेढीत ठेवल्या तेव्हा डिस्चार्ज झाला. नंतर सगळी फाईल पाठवली. ४७ दिवसांनी पत्र आलं. इंग्रजीत आहे, अर्थ असा की पेशंटला मुख्यतः तपासण्या आणि देखरेखीसाठी ॲडमिट केलं होतं, प्रकृती स्थिर होती, लेप्टोचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे, हे उपचार ओपीडीत होऊ शकले असते, सबब क्लेम देय नाही. एक्सक्लुजन झिरो फोर असं कलम लिहिलंय.

मला त्या पत्राने रडू आलं. बाबांचा हात हातात धरून नाडी बघणारा डॉक्टर सांगतो आत घ्या, आणि ज्याने बाबांना बघितलंसुद्धा नाही तो दोन महिन्यांनी सांगतो गरज नव्हती. मग आम्ही त्या दिवशी काय करायला हवं होतं? घरी न्यायचं होतं? कॉजवेपलीकडे?

आता विचारायचं म्हणजे याविरुद्ध कुठे जायचं, वकील लागतो का, किती दिवसांत करावं लागतं? हॉस्पिटलवाले म्हणतात आम्ही आमचे कागद दिले, आता तुमचं आणि कंपनीचं. डिस्चार्ज कार्डावर निदानाच्या जागी "ॲक्यूट फेब्राइल इलनेस, अंडर इव्हॅल्युएशन" लिहिलंय, त्याचा काही संबंध असेल का?

---

वेंगुर्ल्याचो_झील · १४ सप्टेंबर

ताई, गप रवा नको. माझ्या आयेचा असाच झाला होता, आणि माका पण पयल्यांदा वाटला की सोडून देवया, कंपनीबरोबर खय भांडत बसतलो. सोडूक नाय म्हणान पैसे मिळाले.

आईला शुगर आहे, डोळ्याच्या पडद्याला सूज आली. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी डोळ्यात इंजेक्शन सांगितली, तीन, महिन्याला एक. कंपनीने पहिलंच नाकारलं, का तर २४ तास ॲडमिट नाही, ही ओपीडी प्रोसिजर आहे. आता डोळ्यात इंजेक्शन द्यायला कोण २४ तास ॲडमिट करतं? मला एका मित्राने सांगितलं की आयआरडीएआयने (विमा कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था) २०१९ मध्येच बारा आधुनिक उपचारांची यादी काढलीय, रोबोटिक सर्जरी, तोंडाने घ्यायची केमोथेरपी वगैरे, त्यात हे डोळ्यातलं इंजेक्शन नावानिशी आहे. कंपनीला त्यावर रकमेची मर्यादा घालता येते, पण उपचारच कव्हर नाही असं म्हणता येत नाही. मी पॉलिसीचं पुस्तक काढलं तर आमच्या पॉलिसीत पान २३ वर ती यादी छापलेली होती! तेच पान स्कॅन करून तक्रार अधिकाऱ्याला मेल केलं, एकविसाव्या दिवशी मर्यादेइतके पैसे आले.

तुमची गोष्ट वेगळी आहे पण दोन गोष्टी माझ्याकडून घ्या. एक, फोनवर काही बोलू नका, कस्टमर केअरला मी अकरा फोन केले त्यातला एकही कुठे नोंदलेला नव्हता. मेल करा, पॉलिसी नंबर आणि क्लेम नंबर विषयात टाका. दुसरं, पॉलिसीचं ते जाड पुस्तक आधी पूर्ण वाचा. आम्ही घरी ते देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवलं होतं, पाच वर्षं कोणी उघडलं नव्हतं.

---

ठाणे_क्लेम_डेस्क · १५ सप्टेंबर

मी ठाण्यात एका टीपीएमध्ये चार वर्षं क्लेम प्रोसेसिंगला होतो, आता सोडलंय. ताई, तुम्ही शेवटी जे सहज विचारलंत ना, डिस्चार्ज कार्डाबद्दल, माझ्या मते सगळं तिथेच आहे.

टेबलावर बसलेल्या माणसाला तुमचे बाबा दिसत नाहीत, कॉजवे दिसत नाही. त्याला दिसते पीडीएफ, आणि त्यात सगळ्यात आधी डिस्चार्ज समरी उघडतो. तिथे निदान "अंडर इव्हॅल्युएशन", लेप्टो आयजीएम (अँटिबॉडीची रक्ततपासणी) निगेटिव्ह, आणि खाली बहुतेक लिहिलं असणार की पेशंट स्टेबल, ताप नाही. इव्हॅल्युएशन शब्द दिसला की हात आपोआप त्या झिरो फोर कलमावर जातो, कारण त्या कलमाचं नावच तपासणी आणि मूल्यमापन असं आहे. मी स्वतः अशा फाइल्स तशा शेऱ्याने वर पाठवल्या आहेत. आज त्याचं वाईट वाटतं म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पण ते कलम काय म्हणतं बघा. ॲडमिशन मुख्यतः निदान आणि तपासणी एवढ्यासाठीच असेल तर खर्च मिळणार नाही. तुमच्या बाबांना सहा दिवस शिरेतून अँटिबायोटिक चाललंय, सलाईन चाललंय, म्हणजे उपचार झालेत. ते कलम इथे लागूच होत नाही, हे तक्रारीत पहिल्या परिच्छेदात लिहा.

दुसरं कलम शोधा, व्याख्यांच्या भागात, "मेडिकली नेसेसरी ट्रीटमेंट". ही व्याख्या सगळ्या कंपन्यांच्या पॉलिसीत जवळपास सारखीच असते कारण ती आयआरडीएआयने ठरवून दिलीय. त्यात म्हटलंय की उपचार आजारासाठी आवश्यक हवेत, डॉक्टरांनी लिहून दिलेले हवेत, मान्य वैद्यकीय पद्धतीला धरून हवेत, आणि सुरक्षित, पुरेशा, योग्य उपचाराला जेवढं लागतं त्यापेक्षा जास्त नकोत. यातला "सुरक्षित" शब्द पकडून ठेवा. ओपीडीत देता आलं असतं का हा प्रश्नच नाही. त्या दिवशी त्या माणसाला घरी पाठवणं सुरक्षित होतं का, हा प्रश्न आहे, आणि क्रिएटिनिन १.९, लघवी बंद, बीपी ९०/६० असताना कुठलाही डॉक्टर हो म्हणणार नाही.

अजून एक. २९ मे २०२४ ला आयआरडीएआयचं मास्टर सर्क्युलर आलं. त्याप्रमाणे क्लेम नाकारायचा तर कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीची मंजुरी लागते, आणि पॉलिसीतल्या कुठल्या अटीवर नाकारला ते पत्रात द्यावं लागतं. कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत अंतिम मंजुरी, हेही त्यातच आहे. तुमच्या कॅशलेसला चार दिवस लागले! तक्रारीत तारखा आणि वेळा टाका, आणि विचारा की कमिटीने माझा क्लेम कोणत्या तारखेला बघितला. टीपीएला स्वतःहून नाकारायचा अधिकार नाही, निर्णय कंपनीचा असतो, म्हणून तक्रार टीपीएला नको, थेट कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला करा.

---

फिजिशियन_सिंधुदुर्ग · १५ सप्टेंबर

मी याच जिल्ह्यात प्रॅक्टिस करतो, दर पावसाळ्यात लेप्टोचे पेशंट बघतो म्हणून लिहितोय.

लेप्टो आयजीएम ताप आल्यापासून साधारण पाच ते सात दिवसांनी पॉझिटिव्ह यायला लागते, कारण शरीरात अँटिबॉडी तयार व्हायला तेवढे दिवस जातात. तुमच्या बाबांचा ताप शनिवारचा, रक्त मंगळवारचं, म्हणजे चौथा दिवस. चौथ्या दिवशीच्या निगेटिव्हवरून लेप्टो नाही असं कोणी म्हणूच शकत नाही. म्हणून आम्ही रिपोर्टची वाट बघत नाही. लावणीत उतरलेला माणूस, पोटऱ्यांत कळ, डोळे लाल, लघवी कमी एवढं दिसलं की अँटिबायोटिक सुरू. सौम्य असेल तर डॉक्सीच्या गोळ्यांवर घरी पाठवतो, मी स्वतः कित्येकांना पाठवतो. पण किडनीला धक्का बसलाय, उलटीत गोळी टिकत नाही, अशाला घरी पाठवलं तर रात्रीत फुप्फुसात रक्तस्राव होऊन जाऊ शकतो. मी असे पेशंट गमावलेत, त्यातला एक तर तुमच्या बाबांपेक्षा तरुण होता आणि दोन दिवस उशिरा आला होता.

आता दोन गोष्टी बघा. रिपीट आयजीएम झाली होती का? आमच्याकडे बहुतेक वेळा डिस्चार्जच्या आदल्या दिवशी दुसरं सॅम्पल जातं आणि रिपोर्ट पेशंट घरी गेल्यावर येतो, तो फाईलला लागतच नाही. आणि दुसरं, तुमच्याकडे फक्त डिस्चार्ज कार्ड आहे की आतले केस पेपर पण आहेत? आतले म्हणजे नर्सिंगचा टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट, इनटेक-आउटपुट (पाणी किती गेलं, लघवी किती झाली) चार्ट, डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी. खरी हकीकत तिथे असते. डिस्चार्ज कार्ड शेवटच्या दिवशी घाईत, जुन्याच साच्यात लिहिलं जातं आणि "स्टेबल" हा शेवटच्या दिवशीचा शब्द असतो, तो पहिल्या दिवसाला लावला जातो. ही आम्हा डॉक्टरांची चूक आहे आणि भोगतो पेशंट, हे मी मान्य करतो.

केस पेपर मागायचा तुम्हाला हक्क आहे. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या आचारसंहितेप्रमाणे पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत द्यावे लागतात. लेखी अर्ज करा, पोच घ्या.

आणि एक विनंती, डिस्चार्ज कार्ड बदलून मागू नका. जुन्या कार्डावर खाडाखोड झाली की कंपनीला बनवाबनवीचा संशय येतो. डॉक्टरांकडून आजच्या तारखेचं वेगळं पत्र घ्या, लेटरहेडवर, रजिस्ट्रेशन नंबरसकट. कंपनीच्या पत्रातल्या प्रत्येक वाक्याला त्यात उत्तर हवं. प्रकृती स्थिर होती म्हणतात तर बीपी एवढा होता, ओपीडीत झालं असतं म्हणतात तर उलट्या चालू होत्या, निगेटिव्ह म्हणतात तर चौथा दिवस होता. "पेशंटला ॲडमिट करणे आवश्यक होते" एवढ्या एका ओळीच्या पत्राचा उपयोग होत नाही.

---

माणगाव_खोरं · १५ सप्टेंबर

डॉक्टर, तुमचं वाचून मी काकाला लगेच फोन केला. दुसरं रक्त घेतलं होतं! रविवारी. रिपोर्ट मंगळवारी आला, आम्ही सोमवारी घरी गेलेलो. लॅबवाल्याने तो काकाच्या व्हॉट्सॲपवर टाकला होता, काकाने "बाबा बरे आहेत आता" म्हणून उघडून बघितला आणि तसाच ठेवला. पॉझिटिव्ह आहे. दोन महिने तो फोनमध्ये पडून होता आणि मी फाईल पाठवताना मला त्याची कल्पनाच नव्हती.

उद्या रजा टाकून गावी जातेय, केस पेपर मागायला.

---

हर्णै_बंदर · १६ सप्टेंबर

सगळे चांगलं सांगतायत पण मी वेगळं बोलतो, राग मानू नका. मी दोन वर्षांपूर्वी पॉलिसी सोडली. माझ्या भावाचा क्लेम असाच अडकला होता, सहा महिने फेऱ्या मारल्या, मच्छीमार माणूस, सीझनमध्ये बोट सोडून कागद घेऊन फिरणार कुठे? आता तोच हप्ता दर वर्षी बँकेत ठेवतो. आणि सरकारची महात्मा फुले योजना आता महाराष्ट्रातल्या सगळ्यांना आहे, ५ लाखांपर्यंत, रेशनकार्डावर. मग कंपनीचं घर कशाला भरायचं?

---

माणगाव_खोरं · १६ सप्टेंबर

दादा, राग नाही, तुमचा त्रास कळतो. पण ते हॉस्पिटल योजनेत नव्हतं आणि त्या संध्याकाळी योजनेतलं कुठलं आणि तिथे बेड आहे का हे शोधायला आमच्याकडे वेळ नव्हता. आणि ७१ हजार एकदम बँकेत असते तर बांगड्या ठेवाव्या लागल्या नसत्या हे खरं, पण उद्या ४ लाखांचं काही निघालं तर?

---

ठाणे_क्लेम_डेस्क · १६ सप्टेंबर

हर्णैवाले दादा, योजनेचं बरोबर आहे, १५५३८८ वर फोन केला की जवळचं कुठलं हॉस्पिटल त्यात आहे ते सांगतात आणि हॉस्पिटलात आरोग्यमित्र असतो, प्रत्येकाने घरात हा नंबर लिहून ठेवावा. पण ताई, रागाच्या भरात पॉलिसी सोडू नका. सलग ६० महिने झाले की मोरॅटोरियम संपतो, त्यानंतर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय "तुम्ही आधीचा आजार लपवला" म्हणून क्लेम नाकारता येत नाही. तुमची सहा वर्षं झालीत, ही कमाई आहे. कंपनी आवडत नसेल तर रिन्यूअलच्या आधी पोर्ट करा (दुसऱ्या कंपनीत न्या), वर्षं मोजणीत राहतात. सोडून नवीन घेतली तर सगळे वेटिंग पिरियड पहिल्यापासून.

---

वकील_ओरोस · १७ सप्टेंबर

कायद्याच्या बाजूचं थोडं सांगतो.

क्रम असा. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल (विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणारा अधिकारी). कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत जायचं. फी नाही, आणि वकील चालतच नाही तिथे, तक्रारदाराने स्वतः बोलायचं असतं. ५० लाखांपर्यंतची प्रकरणं घेतात. तक्रार ऑनलाइन करता येते, सुनावणी व्हिडिओवर होऊ शकते, त्यामुळे कोकणातल्या माणसाने घाट चढून जायची गरज नाही. तुमच्या जिल्ह्याला कुठलं कार्यालय ते पॉलिसीच्या शेवटच्या पानांत पत्त्यासकट छापलेलं असतं. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तीस दिवसांत पाळला नाही तर रोज ५,००० रुपये दंड, तोही तक्रारदाराला द्यायचा. तुम्हाला मात्र निवाडा पटला नाही तर पुढचे रस्ते उघडे राहतात.

दुसरा रस्ता ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यापासून तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात केस टाकता येते, म्हणजे तुम्हाला इथे ओरोसलाच. दोन वर्षांची मुदत. मानसिक त्रासाची भरपाई तिथे मागता येते, पण वेळ जास्त जातो. एकाच वेळी दोन्हीकडे चालत नाही, आयोगात केस असेल तर लोकपाल घेत नाहीत. तुमच्या रकमेला मी आधी लोकपालच सांगेन, वकील असूनसुद्धा.

आयआरडीएआयच्या बिमा भरोसा पोर्टलवरही नोंद करून ठेवा, १५५२५५ वर फोन करूनही होते. ते स्वतः निकाल देत नाहीत, तक्रार कंपनीकडेच जाते, पण नंबर पडतो आणि मग ती कुठे हरवत नाही.

---

माणगाव_खोरं · २९ ऑक्टोबर

तेव्हापासून इथे लिहायचं राहिलं. सगळ्यांना सांगायचंय.

केस पेपर मिळाले. पहिल्यांदा रिसेप्शनवर "मॅनेजर नाहीत" म्हणाले, मी अर्ज दिला, त्यात ७२ तासांचं वाक्य लिहिलं होतं, पोच घेतली, तिसऱ्या दिवशी ४६ पानांची झेरॉक्स मिळाली. त्यातलं इनटेक-आउटपुटचं पान मी किती वेळ बघत बसले होते. निळ्या पेनने सिस्टरने दर दोन तासांनी लिहिलंय, मंगळवारी रात्री आठ पासून बुधवारी रात्री आठ पर्यंत चोवीस तासांत लघवी एकूण ३८० मिली. समोरच्या रकान्यात पहाटे चारला लिहिलंय "सरांना फोनवर कळवले". म्हणजे मी गाडीत होते तेव्हा ती मुलगी जागी राहून लिहीत होती. आणि कंपनी म्हणते प्रकृती स्थिर होती.

डॉक्टरांनी दोन पानांचं पत्र दिलं, तुम्ही सांगितलंत तसं, मुद्द्याला मुद्दा. आधी टाळत होते, मी कंपनीचं पत्र त्यांच्यासमोर ठेवलं, त्यांनी स्वतः वाचलं तेव्हा त्यांचाच चेहरा बदलला. म्हणाले माझ्या एका शब्दामुळे असं होईल वाटलं नव्हतं. मी सगळं मेल केलं, दुसऱ्या रिपोर्टसकट.

२४ दिवसांनी उत्तर आलं, पुन्हा नकार. पण आता कारणच बदललंय. झिरो फोरचा उल्लेखच नाही. आता म्हणतात दुसरा रिपोर्ट डिस्चार्जनंतरचा आहे म्हणून विचारात घेता येत नाही, आणि सोमवारी आरोग्य केंद्रात ओपीडीत उपचार झाले होते म्हणजे ओपीडी पुरेशी होती. आधी एक आणि आता दुसरं, असं चालतं का? मी पुढे जाणार आहे पण डोकं सुन्न झालंय.

---

वकील_ओरोस · २९ ऑक्टोबर

नाही चालत. नाकारण्याच्या पत्रात जे कारण दिलं त्याच कारणावर कंपनीला उभं राहावं लागतं, मागून नवीन कारण आणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये गलाडा पॉवरच्या प्रकरणात आणि २०१९ मध्ये सौराष्ट्र केमिकल्सच्या प्रकरणात हेच म्हटलंय. लोकपालाकडच्या तक्रारीत दोन्ही पत्रं शेजारी शेजारी लावा, दोन्हींच्या तारखा आणि दोन्हींतली कारणं चार ओळींत लिहा, आणि या दोन निकालांची नावं टाका. जास्त पाल्हाळ नको.

---

फिजिशियन_सिंधुदुर्ग · २९ ऑक्टोबर

रिपोर्ट डिस्चार्जनंतर आला पण रक्त रविवारी, पेशंट आत असताना घेतलंय. सॅम्पल कलेक्शनची तारीख आणि वेळ रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यात असते, तिथे पेनने गोल करून पाठवा. आणि आरोग्य केंद्राचा सोमवारचा केसपेपर शोधा! तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं होतं की तिथल्या डॉक्टरांनी लघवी कमी झाली तर मोठ्या दवाखान्यात न्या असं सांगितलं. ते कागदावर लिहिलं असेल तर ओपीडी कधीपर्यंत पुरेशी होती हे सरकारी डॉक्टरानेच लिहून दिलंय.

---

माणगाव_खोरं · ३० ऑक्टोबर

आहे. आईने तो कागद रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला होता. लाल शाईत लिहिलंय, उलट्या किंवा लघवी कमी झाल्यास तातडीने पुढे पाठवा. खाली सही-शिक्का.

---

माणगाव_खोरं · ५ डिसेंबर

लोकपालांकडून मेल आलाय, पुढच्या आठवड्यात व्हिडिओवर सुनावणी आहे. पॉलिसी माझ्या नावाने नाही, बाबांच्या नावाने आहे त्यामुळे बाबांनाच बोलावं लागेल का? ते घाबरलेत, म्हणतात माका इंग्रजी येणा नाय, मी काय बोलतलंय. मी रजा घेऊन शेजारी बसणार आहेच.

---

वेंगुर्ल्याचो_झील · ५ डिसेंबर

मराठीत बोलूक सांगा, काय एक हरकत नाय. माझ्या ओळखीतल्या एकांची सुनावणी झाली, पंधरा मिनिटांत आटपली. अधिकारी शांतपणे विचारतात, कंपनीचा माणूस पण स्क्रीनवर असतो, तो काही बोलला तरी मध्ये बोलू नका, तुमची पाळी येते. तुम्ही शेजारी बसणार म्हणून आधीच मेलने कळवून परवानगी घ्या. आणि खोऱ्यात रेंजचा भरवसा नाही, त्या दिवशी सकाळीच कुडाळला कोणाकडे तरी येऊन बसा. बाबांनी फक्त एवढं सांगायचं की शनिवारी काय झालं, मंगळवारी काय झालं. बाकी कागद बोलतील. कागदांना वर पान नंबर घाला, म्हणजे "पान १२ बघा साहेब" म्हणता येतं.

---

माणगाव_खोरं · ५ डिसेंबर

घातले नंबर, एकूण ६१ पानं झालीत. बाबा विचारत होते कॅमेऱ्यात पाय दाखवू का, चिखल्यांचे डाग अजून आहेत. मी म्हटलं नको बाबा, सिस्टरने लिहिलेलं ते पान सगळ्यात वर लावलंय.